मदत हवी आहे : गच्चीवर रोज काळी धूळ पडते, ती येते कुठून हे कसं शोधायचं?

मजगावची सून

नमस्कार. बेळगावात उद्यमबाग औद्योगिक वसाहतीला लागून मजगावच्या बाजूला आमचं घर आहे. पावसाळा सोडला तर गच्चीवर रोज काळी धूळ बसते, आणि दिवाळीनंतर ती फारच वाढते. मागच्या रविवारी ब्याडगी मिरच्या वाळत घातल्या होत्या. संध्याकाळी गोळा करायला गेले तर बोटं काळी झाली. चिमूटभर धूळ पांढऱ्या कागदावर घेऊन उन्हात धरली, तर त्यात बारीक कण चकाकत होते.

सासऱ्यांना दमा आहे. पहाटे फिरायला जायची त्यांची वर्षानुवर्षांची सवय. आता गल्लीच्या कोपऱ्यावरच भिंतीला हात टेकून थांबतात. ते तसे उभे राहिलेले दिसले की मला घरात थांबवत नाही.

मोबाईलवर बेळगावची हवा बघितली तर 'समाधानकारक' दाखवते. पण ते मोजमाप रामतीर्थनगरातल्या यंत्राचं, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाचं. आमच्या गल्लीचं कोण मोजणार?

संशय बऱ्याच गोष्टींवर आहे. मागे दोन गल्ल्या सोडून एक फौंड्री, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना आहे. तिथे विचारलं तर म्हणाले, आमची भट्टी करंटवरची आहे, धूर होतच नाही. शेजारच्या मोकळ्या जागेत कचरा जाळतात. रस्ता उकरून ठेवलाय तो वेगळाच. शिवाय हे दिवस साखर कारखान्यांच्या हंगामाचे, त्यामुळे कुणी म्हणतं ही चिपाडाची राख आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. माझे मिस्टर उद्यमबागमध्येच टर्नर आहेत, आमची चूल त्याच पगारावर पेटते. कुणाचा कारखाना बंद पडावा असं मला अजिबात वाटत नाही. धूळ कुठून येते ते कळावं आणि ती थांबावी, एवढंच हवंय. तक्रार कुठे करायची? कन्नडमध्येच द्यावी लागते का?

जुना मोल्डर

ताई, मी फौंड्रीत तीस वर्षं काढली. करंटवरच्या भट्टीचा धूर कोकच्या भट्टीपेक्षा कमी असतो, हे खरं. पण तेलकट, गंजलेलं किंवा रंग लावलेलं भंगार टाकलं की तीही धूर सोडते. आणि फौंड्रीची धूळ फक्त चिमणीतून येत नाही. साचा फोडताना, शॉट ब्लास्टिंगला (छर्रे मारून ओतलेला माल साफ करतात तेव्हा), ग्राइंडिंगला धूळ उडतेच.

तुम्ही चकाकणारे कण म्हणालात, त्यावरून मला वेगळाच संशय येतो. साच्याच्या वाळूत आम्ही बेंटोनाइट (एक चिकट माती) आणि कोळशाची भुकटी मिसळतो. ओतकाम झालं की ती वाळू काळी पडते, पण आतला वाळूचा कण उन्हात चमकतो. जळालेली वाळू ट्रॉलीने कुठेतरी नेऊन टाकतात. मोकळ्या जागेत असा काळा ढीग आहे का, ते आधी बघा.

चिपाडाची राख हलकी असते, बोटांत चुरगळते. ही जळालेली वाळू खरखरीत लागेल. लोहचुंबक फिरवून बघा, पण तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. आपल्या लाल मातीतही लोह असतं, तीही थोडी चिकटते. त्यापेक्षा चार बाजूंना चार स्टीलची ताटं ठेवा, रोज एकाच वेळी धूळ बघा आणि वारा कुठून होता ते लिहून ठेवा.

खानापूरचा मास्तर

गच्चीवर दिसते ती जाड धूळ. छातीत खोल जाते ती पीएम २.५, केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही बारीक, डोळ्यांना एकेकटी दिसतच नाही. देशाच्या मानकाप्रमाणे तिची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच १५ वर आणली. म्हणून ताट स्वच्छ दिसलं तरी सासऱ्यांना हिवाळ्यात पहाटे पाठवू नका. थंड हवा तेव्हा जमिनीलगत दबून असते आणि धूर वर जात नाही. ऊन वर आल्यावर फिरू दे. घरात कोरडा झाडू नको, ओलं फडकं फिरवा.

तक्रार राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात द्या, पोच घ्या. फौंड्रीला मंडळाचं संमतीपत्र लागतं. धूळ कशी आवरायची, टाकाऊ वाळूचं काय करायचं, याच्या अटी त्यात असतात. ते माहिती अधिकारात मागा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा लागतो. कन्नड किंवा इंग्रजीत द्या, मराठीतला अडकतो.

मजगावची सून

दोघांचेही मनापासून आभार. आठ दिवस ताटं ठेवली. मोकळ्या जागेकडच्या ताटात सगळ्यात जास्त धूळ, आणि तिकडून वारा असेल त्या दिवशी तर बोटाने नाव लिहिता येईल एवढी. मिस्टरांना घेऊन तिथे गेले. कचऱ्याच्या मागे कमरेएवढा काळा ढीग आहे, शेजारी ट्रॉलीच्या चाकांच्या ताज्या खुणा. मूठभर उचलली, तशीच खरखरीत आणि चकाकणारी. पोरं त्यावरून घसरगुंडी खेळत होती, त्यांना आधी घरी पाठवलं.

वाळू कुणाची ते अजून माहीत नाही, म्हणून तक्रारीत कुणाचं नाव घालणार नाही. फोटो आणि ताटांची वही जोडते. ढीग उचलून होईपर्यंत त्यावर ताडपत्री घाला, अशीही विनंती करते. सोमवारी अर्ज द्यायचाय. कन्नड मला वाचता येतं, लिहिताना चुका होतात. कुणी मजकूर तपासून देईल का?