फॅमिली क्रूझला लॅपटॉप न्यायचा का? २० तारीख मधेच येतेय

शाहूपुरी_टॅक्सवाला
मंडळी, मनापासून विचारतोय, घरात यावरून चार दिवस बोलाचाली चाललीय. दिवाळीच्या सुट्टीच्या शेवटाला मुंबई-लक्षद्वीप क्रूझ बुक केलीय. आई, आम्ही दोघं, पोरगी नववीत, धाकटा पाचवीत. १७ ला रात्री कोल्हापुरातनं महालक्ष्मी एक्स्प्रेस, १८ ला सकाळी सीएसएमटीला उतरायचं, तिथनं बॅलार्ड पिअर जवळच, दुपारी जहाजावर, २२ ला परत. बुकिंग करताना पोरांची सुट्टी बघितली, तारखा बघितल्याच न्हाईत, आणि मधे २० नोव्हेंबर येतेय. ज्यांना माहीत नसंल त्यांच्यासाठी सांगतो, मागच्या महिन्याचं जीएसटीआर-३बी, म्हणजे टॅक्सचा हिशोब देऊन तो भरायचं जीएसटीचं रिटर्न, ते भरायचा २० हा शेवटचा दिवस. माझ्याकडं मार्केट यार्डातले अडते, शिरोली आणि गोकुळ शिरगावचे फाउंड्री, मशीनशॉपवाले, गुजरीतले दोघं सराफ असे साठेक क्लायंट आहेत, आणि ह्या वेळचं रिटर्न दसऱ्याच्या विक्रीचं, म्हणजे आकडेपण मोठे.

बायको सरळ म्हणते, लॅपटॉप बॅगेत दिसला तर मी स्टेशनवरनं घरी जाईन. आई ह्यात काहीच बोलत न्हाई. "मी येतो की, पण आंघोळीला पाणी गोडं असतंय का खारं तेवढं विचार" एवढंच तिचं. तिनं समुद्र आयुष्यात दोनदा बघितलाय, दोन्ही वेळा किनाऱ्यावरनं. माझं म्हणणं एवढंच की चार रात्रींत एक सकाळ दोन तास काम केलं तर काय बिघडतंय? प्रामाणिकपणे सांगा.

शिरोलीचा_भट्टीवाला
घेऊन जा. मी तुझ्यासारख्याच एका माणसाचा क्लायंट आहे म्हणून दुसरी बाजू सांगतो. लोक म्हणतील दिवसाला ५० रुपये लेट फी, त्यात काय एवढं. लेट फीचं कुणाला काय पडलंय, कॅशमधनं भरायच्या टॅक्सवर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज लागतं ते बघा, आणि खरं दुखणं तर पुढंच आहे. ३बी राहिलं की पुढचं आर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, भरता येत न्हाई, आर-१ न्हाई तर पुण्याच्या गिऱ्हाईकाच्या २बीत, म्हणजे पोर्टलवरच्या त्याच्या खरेदीच्या यादीत, आमचं बिल दिसत न्हाई, आणि बिल दिसलं न्हाई की तो पेमेंट अडवून बसतो. इकडं भट्टीला वीज लागते, स्क्रॅपवाल्याला रोख लागते, शनिवारी कामगारांचा पगार. एक-दोन दिवसांच्या उशिरानं एवढं होत न्हाई हे मान्य, पण "साहेब फिरायला गेल्यात" हे ऐकलं की पोटात गोळा येतो, कारण माझ्या एका जुन्या कन्सल्टंटनं असंच करून दोन महिने लोंबकळत ठेवलं होतं. बायकोला नीट समजावून सांग, ती समजून घेईल.

बावड्याची_लेक
समजून घेईल म्हणजे काय हो दादा, तिनंच कायम समजून घ्यायचं का?

माझे बाबा ह्याच धंद्यातले. मी दहा वर्षांची असताना गणपतीपुळ्याला गेलो होतो. खोलीच्या बाहेर व्हरांड्यात पांढरं प्लास्टिकचं टेबल होतं, त्यावर लॅपटॉप, वायर खिडकीतनं आत ओढलेली, आणि वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर आईची ओली चप्पल ठेवलेली. मी वाळूचा पन्हाळा केला होता, तीन दरवाजा सकट, आणि बाबांना बघायला बोलवायला गेले तर त्यांनी माझ्याकडं न बघता हात वर केला, एक मिनिट म्हणून. मी थांबले. परत गेले तवर भरतीचं पाणी आलं होतं. त्या ट्रिपच्या सगळ्या फोटोंत बाबा आहेत, पण कडेला, कानाला फोन लावून. आता बाबा रिटायर झालेत, वेळच वेळ आहे त्यांच्याकडं, मी लग्न होऊन बेंगळुरूला. भाऊ, तुमची पोरगी नववीत आहे म्हणता ना? पुढच्या वर्षी दहावी, मग अकरावी-बारावी, क्लासेस. अशी ट्रिप परत कधी जमणार ते तुम्हीच मोजा. नका नेऊ.

तांबडा_पांढरा
ताईंना शंभर टक्के पाठिंबा. दोन तासांचं काम दोन तासांत कधी संपलंय का कुणाचं?

डेकवरचा_माणूस
मी सहा वर्षं क्रूझवर हाऊसकीपिंगला होतो, आता गावी असतो. भावनेचं तुमचं तुम्ही ठरवा, तिथं प्रत्यक्ष काय होतं ते सांगतो.

किनारा मागं पडला की थोड्या वेळात मोबाईलची रेंज जाते. त्यानंतर फोनवर जे नेटवर्क दिसतं ते जहाजाचं, त्याचं रोमिंगचं बिल बघून माणसं रिसेप्शनला येऊन रडलेली बघितलीत, म्हणून जहाज सुटलं की सगळ्यांचे फोन आधी एअरप्लेन मोडवर टाका. राहिलं वायफाय. ते सॅटेलाइटवरनं येतं. जुन्या पद्धतीचा सॅटेलाइट जवळजवळ ३६ हजार किलोमीटर वर असतो, तिथं सिग्नल जाऊन-येऊन अर्ध्या सेकंदाच्या वर जातो. व्हॉट्सॲपला ते जाणवत न्हाई, पण पोर्टलवर पानामागनं पान उघडायचं म्हटलं की लई जाणवतं. आता काही जहाजांवर साडेपाचशे किलोमीटरवरच्या खालच्या सॅटेलाइटचं नेट आलंय, ते बरंच चांगलं चालतं. तुमच्या जहाजावर कुठलं आहे ते बुकिंगवाल्याला विचारा, आणि पॅक बहुतेक ठिकाणी एका डिव्हाइसचा असतो हेपण विचारा, कारण फोनला वेगळा आणि लॅपटॉपला वेगळा घ्यावा लागला तर खर्च डबल.

नेणारच असाल तर टर्मिनलवर जी मोठी बॅग त्यांच्या ताब्यात देता त्यात लॅपटॉप टाकू नका. ती बॅग खोलीत यायला दोन-चार तास लागतात, कधी संध्याकाळ होते. आईंच्या गोळ्यापण हातातल्याच पिशवीत. चार्जरच्या ठोकळ्यावर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यामुळं करंटची काळजी न्हाई, पण पिनेची आहे, एक युनिव्हर्सल ॲडॅप्टर ठेवा. सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेंशन बोर्ड, इस्त्री, किटली असलं काय नेलं तर गेटवरच काढून घेतात, आगीची भीती असते. खोलीतली तिजोरी लहान, पंधरा इंची लॅपटॉप कितीतरी वेळा बसत न्हाई.

आणि हे कुणी सांगत न्हाई, समुद्र जरा जरी हलला तरी स्क्रीनकडं बघून बारीक आकडे वाचणाऱ्याला सगळ्यात आधी मळमळतं. डोळे म्हणतात मी स्थिर हाय आणि कान म्हणतो मी हलतोय. जहाजाच्या मधल्या भागात, खालच्या मजल्यावर हलणं कमी लागतं. पहिल्या दिवशी सेफ्टी ड्रिल सक्तीची असते, तिथं फोन-लॅपटॉप काय चालत न्हाई, आईंना हात धरून न्या.

आईंना सांगा पाणी गोडंच असतं. बरीच जहाजं समुद्राचं पाणी मशिनीत गोडं करतात, थोडं बंदरावरनं भरून घेतात. बिनधास्त आंघोळ करा म्हणावं.

शाहूपुरी_टॅक्सवाला
डेकवाले दादा, आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली "माणूस भला दिसतोय".

एक शंका. रिटर्न भरताना ओटीपी लागतो, त्याचं काय? तो समुद्रात येणार कसा?

डेकवरचा_माणूस
तुमच्या सिमवर एसएमएस येणार न्हाई असंच धरून चाला. बँकेचा ओटीपी लागणारं काम जमिनीवर असतानाच उरकायचं. ऑथेंटिकेटर ॲपचे आकडे मात्र बिननेटचे फोनमध्येच तयार होतात, ते चालतील.

शाहूपुरी_टॅक्सवाला
प्रोप्रायटरशिप आणि भागीदारीवाल्यांचा ओटीपी त्यांच्याच मोबाईलवर जातो, ते मला व्हॉट्सॲपवर पाठवतील, म्हणजे ते जमेल. पण प्रायव्हेट लिमिटेड सात आहेत, त्यांना डीएससीच, म्हणजे डिजिटल सहीच लागते, ते पेनड्राइव्हसारखं टोकन लॅपटॉपलाच लावावं लागतं, फोनवर होत न्हाई. म्हणजे बघायला गेलं तर लॅपटॉपचा सगळा प्रश्न त्या सात जणांचा आहे.

पुण्यातला_कोल्हापूरकर
मी आयटीत आहे, मागच्या वर्षी सिंगापूरवरनं क्रूझ केली, आणि मी लॅपटॉप न नेता गेलो म्हणून सांगतोय की न्या. सगळ्यांचं ऐकून मी घरी ठेवला. दुसऱ्या दिवशी टीममधल्या पोराचा मेसेज आला, एक छोटीशी गोष्ट अडली होती, लॅपटॉप असता तर वीस मिनिटांचं काम. ते मी दीड दिवस फोनवरनं टाइप करून करून त्याला समजावत बसलो, जेवताना फोन, पूलजवळ फोन, शो चालू असताना फोनची लाईट कमी करून मांडीखाली. बायको शेवटी म्हणाली त्यापेक्षा आणला असतास तर बरं झालं असतं. काम डोक्यात असलं की ते बॅगेत नसून काय उपयोग? जहाजावर पोरं नऊशिवाय उठत न्हाईत, सहा ते साडेसात डेकवर माणूस नसतो, कॉफी मिळते, तेवढ्यात काम संपतं आणि दिवस मोकळा. कंपनीचा लॅपटॉप असलेल्यांनी मात्र परदेशात नेण्याआधी परवानगी घ्या, आमच्याकडं बाहेरच्या देशातनं लॉगिन केलं की अकाउंटच बंद होतं. तुमचा स्वतःचाच आहे आणि जहाज भारतातच फिरतंय, त्यामुळं तुम्हाला ती अडचण न्हाई.

बावड्याची_लेक
दादा, तुमचा अनुभव खरा असंल, पण तुम्ही फोन हातात घेतलात म्हणून दीड दिवस गेला, लॅपटॉप नव्हता म्हणून न्हाई. त्या पोराला "तुझ्या सीनियरला विचार" एवढं लिहून फोन तिजोरीत टाकता आला असता.

पुण्यातला_कोल्हापूरकर
सीनियर मीच होतो ताई.

इचलकरंजी_हिशोबवाला
मीपण ह्याच कामातला, पंचवीस वर्षं झाली, सेल्स टॅक्स, व्हॅट, जीएसटी सगळं बघितलं. शाहूपुरीवाले, तुम्ही प्रश्नच चुकीच्या तारखेपासनं मोजायला लागलाय. २० धरून विचार करताय, १४ धरा. १४ ला २बी तयार होते, खरेदीवर भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट किती मिळणार ते त्या दिवशी कळतं. तुमची गाडी १७ ला रात्री. १४, १५, १६, १७ असे चार दिवस होतात, दिवसाला पंधरा. आपण २० ला मध्यरात्री साठ भरलेल्या आहेत, आणि शेवटच्या दिवशी पोर्टल कसं रखडतं ते वेगळं सांगायला नको, तेच काम १६ ला दुपारी केलं तर पान कसं लोण्यासारखं उघडतं ते करून बघा. खरी अडचण आपली नसते, क्लायंटची असते, तो चलनाचे पैसे १९ लाच टाकणार. त्याला आजपासनं सांगा की ह्या महिन्यात तुझी शेवटची तारीख १६. एकेकाला स्वतः फोन करा, ग्रुपवर मेसेज टाकून कुणी ऐकत न्हाई.

आणि डीएससीसाठी लॅपटॉप समुद्रात न्यायची गरजच काय? टोकन ऑफिसातल्या पोराकडं ठेवा.

शिरोलीचा_भट्टीवाला
हे मला पटत न्हाई आणि राग येतो. ते टोकन म्हणजे माझी सही आहे. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून रबर बँडनं टोकनाला गुंडाळून दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये पडलेलं मी माझ्या डोळ्यानं बघितलंय. सही माझी, जबाबदारी माझी, आणि उद्या काय चुकीचं भरलं गेलं तर नोटीसपण मलाच येणार. ऑफिसातला पोरगा चांगलाच असंल, पण सही पोराकडं ठेवायची नसते.

इचलकरंजी_हिशोबवाला
बरोबर बोललात, माझं चुकलं. सवय झालीय आपल्याला आणि ती चांगली सवय न्हाई. मग असं करा, टोकन ज्याचं त्याला परत द्या. रिटर्न तुम्ही तयार करून सेव्ह करून ठेवा, त्या दिवशी ऑफिसातला पोरगा क्लायंटच्या कारखान्यात जाईल, मालक स्वतः टोकन लावेल, आकडे बघेल, सही करेल. सातच जण आहेत, शिरोली आणि गोकुळ शिरगाव मिळून एका दिवसात गाडीवरनं होतात.

मास्तर_रिटायर्ड
माझं वय ७१. मुलानं गेल्या वर्षी आम्हा दोघांना केरळला नेलं. त्यानं लॅपटॉप आणला होता, रोज रात्री काम केलं, आणि आम्हाला त्याचं काहीही वाईट वाटलं न्हाई. उलट तो काम करतो म्हणून तिकिटं निघाली हे आम्हाला कळतं. तो खोलीत टाइप करत होता आणि त्याची आई त्याच्या शेजारी बसून लिंबाचं सरबत हलवत होती. तिला तेवढंच पुरलं. सगळ्या आयांना मुलगा समुद्राकडं बघणारा लागतो असं न्हाई, जवळ असला तरी चालतं. ताईंच्या मनातलं दुःख मी समजू शकतो, पण सगळ्या घरांत तसंच होईल असं धरू नये.

बावड्याची_लेक
मास्तर, नमस्कार. तुमचं वाचून माझ्या आईला विचारलं, तुला बाबांचं तेव्हा वाईट वाटलेलं का. ती म्हणाली, न्हाई. मला वाटलेलं, अजून वाटतं. शाहूपुरी भाऊंनी आईला आणि बायकोला विचारलंय, पोरीला विचारलंय का?

शाहूपुरी_टॅक्सवाला
न्हाई विचारलं. आत्ता विचारलं. ती म्हणाली "पप्पा आणा की, पण मग मला रात्री डेकवर चांदण्या बघायला कुणी न्यायचं? मम्मीला उंचावर चक्कर येते." मी म्हटलं मी नेणार. तर म्हणाली "२० ला पण?"

त्यावर मला काय बोलता आलं न्हाई.

मंडळी, ठरवलं. लॅपटॉप ऑफिसात राहणार. कालपासनं फोन सुरू केलेत, साठातल्या ४३ जणांनी १६ चं कबूल केलंय, दोघं चिडले, बाकीच्यांना उद्या गाठतो. साती टोकनं ज्याची त्याला देऊन येणार, ड्रॉवरमध्ये एकपण ठेवणार न्हाई. वायफायचा पॅक माझ्या एकट्याच्या फोनला, २० ला सकाळी सात ते आठ, ऑफिसातल्या पोराला काय विचारायचं ते तेव्हाच विचारायचं, मग फोन बायकोच्या पर्समध्ये. तिनं हे मान्य केलंय, पण "आठ म्हणजे आठ" असं दोनदा म्हणाली.

पुण्यातला_कोल्हापूरकर
माझं मत बदललेलं न्हाई. एखादं चलन अडकलं तर फोनवर किती त्रास होतो ते मी भोगलंय. निदान ऑफिसचा कॉम्प्युटर चालू ठेवून फोनवरनं तो उघडायची सोय करून जा, आणि जायच्या आधी घरनं एकदा ट्राय करून बघ.

शिरोलीचा_भट्टीवाला
मलापण पूर्ण पटलेलं न्हाई. माझा कन्सल्टंट असता तर मी घेऊनच जा म्हटलं असतं. पण टोकन परत देणार हे वाचून बरं वाटलं, मीपण माझं उद्या जाऊन घेऊन येतो, आणि ऑक्टोबरची खरेदीची बिलं आजच रात्री बसून काढून त्यांना देतो. नाशिकच्या पार्टीची दोन बिलं यायची आहेत, १४ ला २बीत दिसली तर घ्या म्हणून सांगतो, न्हाईतर पुढच्या महिन्यात.