मदत हवी आहे: जिंजर बिअरची बाटली फुटली, उरलेल्या दोन कशा उघडू?

आधी घाईचं विचारते. ओट्याखालच्या कपाटात घरी केलेल्या जिंजर बिअरच्या (आलं-साखर आंबवून केलेलं फसफसणारं पेय) दोन काचेच्या बाटल्या आहेत, क्लिपच्या झाकणाच्या. तिसरी काल रात्री दोनच्या सुमारास फुटली. सासऱ्यांना वाटलं सिलिंडरच, ते थेट रेग्युलेटर बंद करायला धावले. कपाटाचं दार लागलेलं होतं म्हणून निभावलं. सकाळी दार किलकिलं करून बघितलं तर आतल्या बाजूला नखाएवढी काच रुतलेली आणि मुंग्यांची रांग. तेव्हापासून त्याला कुणी हात लावायला तयार नाही.

केलं ते असं. सातारी आलं सालासकट किसून साखर-पाण्यात बरणीत ठेवलं, रोज एकेक चमचा आलं नि साखर घालत गेले. पाचव्या दिवशी ढवळलं की चुरचुरायला लागलं. (मी याला विरजणच म्हणते. इंग्रजीत 'जिंजर बग', पण 'बग' म्हटलं की सासूबाई बरणीत किडे शोधतात.) मग १५० ग्रॅम आलं आणि २०० ग्रॅम साखर दोन लिटर पाण्यात उकळून गाळली, दोन लिंबं पिळली, अर्धी वाटी विरजण घातलं.

पहिली खेप प्लॅस्टिकच्या बाटलीत भरली होती. आठवडा झाला तरी ढिम्म! नुसतं आलेपाकाचं पाणी. तेव्हा घाईत होते, पाणी बरंच गरम असतानाच विरजण ओतलं होतं. या खेपेला नीट गार केलं. कृती इंग्लंडमधल्या एका बाईंची, 'स्वयंपाकघरात तीन दिवस ठेवा' म्हणाल्या, ठेवल्या. पुण्यात, मे महिन्यात.

लेक आठ वर्षांचा आहे, त्याला ही द्यावी का, तेही सांगा.

प्रतिसाद

ताई, आधी बाटल्या. मुलाला स्वयंपाकघरात येऊ देऊ नका. पहाटे गारव्यात, पूर्ण बाह्यांचं काहीतरी आणि हेल्मेट घालून (हसू नका, काच डोळ्यांत जाते) बाटल्यांवर जाड टॉवेल टाका, तसाच गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवा आणि डबा फ्रिजमध्ये. गार झाल्यावर गॅस पाण्यात जास्त विरघळतो, दाब उतरतो. दुसऱ्या दिवशी मोरीत, टॉवेल न काढता क्लिप उघडा. बर्फाच्या पाण्यात मात्र बुडवू नका, काच तडकेल.

पहिली खेप गरम पाण्याने मेली. पन्नास डिग्रीच्या वर विरजणातलं यीस्ट टिकत नाही. बोट बुडवून गरम लागलं तर थांबायचं.

दुसरीत तुमची चूक एवढीच की इंग्लंडचं स्वयंपाकघर आपलं धरलंत. त्यांच्या अठरा-वीस डिग्रीला जे तीन दिवसांत होतं ते आपल्या पस्तीसला दिवसभरात होतं. घड्याळ बघूच नका. सोड्याच्या प्लॅस्टिक बाटलीत भरा, वर दोन इंच मोकळं सोडा, सकाळ-संध्याकाळ दाबून बघा. न उघडलेल्या सोड्याच्या बाटलीसारखी टणक लागली की लगेच फ्रिज. तिथेही ती फुगते, फक्त सावकाश, तेव्हा आठवड्यात संपवा.

मुलाचं म्हणाल तर मी देत नाही. यीस्ट साखर खाऊन गॅस आणि अल्कोहोल दोन्ही करतं. सोड्याइतका गॅस व्हायला लिटरमागे साधारण १५ ग्रॅम साखर लागते आणि तेवढ्यात एक टक्क्याच्या आसपास अल्कोहोल होतंच. तुम्ही लिटरला १०० ग्रॅम घातलीये, बाहेर राहिली तर किती चढेल बघा. त्याला उकळलेला आल्याचा पाक सोड्यात घालून द्या, तिखटपणा तोच लागतो.

धागाकर्ती

उघडल्या! पहिलीची निम्मी टॉवेलने प्यायली. दुसरी छान निघाली, पण गोडी पार गेली होती, म्हणजे तुम्ही म्हणता तसं साखरेचं काय झालं ते कळलं. सासऱ्यांनी दोन पेले घेतले आणि दुपारी नेहमीपेक्षा जरा जास्तच झोपले. हेल्मेट नवऱ्याचं घातलं. दोन वर्षांपूर्वी घेतलेलं, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं.