विषयांची यादी नको, शेवटचा प्रकल्प बघा

ऑनलाइन आंतरविद्याशाखीय मास्टर्स, म्हणजे वेगवेगळ्या शाखांचे विषय एकत्र शिकवणारी पदवी, ही ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ असते, असं काही जण म्हणतात. अगदीच खोटं नाही, पण सरसकट खरंही नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाचा २०१७ साली सुरू झालेला ऑनलाइन अ‍ॅनालिटिक्सचा (डेटा विश्लेषणाचा) अभ्यासक्रम घ्या. संगणक, अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन अशी तीन महाविद्यालयं मिळून तो चालवतात आणि शेवटी प्रॅक्टिकममध्ये प्रत्यक्षातल्या समस्येवर काम करावं लागतं.

माझा निकष तोच. कॅपस्टोन (शेवटचा मोठा प्रकल्प) किंवा प्रबंध आहे का, त्याला दोन्ही विषयांतलं मार्गदर्शन मिळतं का, हे प्रवेशाआधी ईमेल करून विचारा. नाहीतर सांख्यिकीचा पेपर एकीकडे, सार्वजनिक धोरणाचा दुसरीकडे, आणि सांगड घालायची ती तुम्ही एकट्याने. कॅम्पसवरची मुलं निदान कॅन्टीनमध्ये दुसऱ्या शाखेच्या लोकांशी भांडतात तरी! ऑनलाइन वर्गात बऱ्याचदा ‘एक पोस्ट लिहा, दोघांना उत्तर द्या’ एवढ्यावरच चर्चा उरकते. त्यामुळे ग्रुप प्रोजेक्टला जोडीदार मुद्दाम परक्या विषयातला निवडा. पहिले काही दिवस डोकं फिरतं, पण खरं शिक्षण तिथेच होतं.

पीएचडीचा विचार असेल तर मात्र सावध. एकाच विषयाची पुरेशी क्रेडिट्स नाहीत म्हणून अर्ज अडू शकतो. मन पक्कं होत नसेल तर मायक्रोमास्टर्सपासून, म्हणजे मास्टर्सच्या पातळीच्या छोट्या ऑनलाइन अभ्यासक्रमापासून, सुरुवात करा. ती क्रेडिट्स काही विद्यापीठं पुढे पदवीत धरतात.