नोमिकमध्ये दोन सिम म्हणजे दोन खेळाडू?

शहापूरकर: आम्ही पाच जण, तिघं बेळगावचे आणि दोघं निपाणीचे, व्हॉट्सॲपवर नोमिक खेळतोय. पीटर सुबर यांचा खेळ, १९८२ मध्ये छापून आलेला. नियम बदलणं हीच त्यातली चाल. ‘खेळाडू’ म्हणजे कोण, हे मूळ नियमांत कुठंच नाही. म्हणून आम्ही एकमतानं नियम क्र. ३०४ केला: एक मोबाइल नंबर म्हणजे एक खेळाडू. झालं! निपाणीच्या मावसभावानं परवा आपलं कोल्हापूरचं सिमही ग्रुपात घातलं. सुरुवातीला ठरावाला एकमत लागतं; आता दोन फेऱ्या संपल्यात, म्हणजे बहुमत पुरतं. ठराव ३१२ वर त्याच्या एका नंबरानं ‘हो’ म्हटलं, दुसऱ्यानं ‘नाही’. ठराव पास. हरलेल्या मताला २०४ प्रमाणं दहा गुण मिळतात, तेही यानं स्वतःच्या नावावर मांडले. २०७ म्हणतो एका खेळाडूला एकच मत. मग हे बसतं कशात?

टिळकवाडीचा वकील: २०७ चा उपयोग नाही. तो खेळाडूबद्दल बोलतो, माणसाबद्दल नाही. पण देवस्थानाचं बघा. मूर्ती ही कायद्यानं व्यक्ती, प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, १९२५ मध्येच मानलंय. जमीन देवाची, कारभार वहिवाटदाराचा. म्हणून त्याला ती आपल्या उताऱ्यावर चढवता येत नाही. कोल्हापूरचं सिम वेगळा खेळाडू असेल तर दहा गुण त्या सिमचे. मत मोजताना दोघं आणि गुण मोजताना एकटा, हे कुठलं?

कॅम्पातला: गुणांचं सोडा, पाळी बघा की. २०१ प्रमाणं कॉम्प्युटरवरच्या खेळात आडनावाच्या वर्णक्रमानं पाळी येते. दोन्ही सिम एकाच आडनावाची, म्हणजे लागोपाठ. आणि २१२ प्रमाणं चाल करणाऱ्याच्या आधीचा खेळाडू न्यायाधीश! एका सिमनं ठराव मांडायचा, दुसऱ्यानं निकाल द्यायचा. तो निकाल फिरवायला बाकी सगळ्यांचं एकमत लागतं, आणि त्या बाकीच्यांत पहिलं सिम बसलेलंच आहे. लई बेरकी आहे तुमचा भाऊ.

दोन_सिमवाला: मीच तो. आडनाव माणसाला असतं, नंबरला नसतं. ३०४ तुम्हीच केलाय, वकीलसाहेब, आता माणूस मध्ये कशाला आणताय?

शहापूरकर: बरं. पुढची पाळी माझी. ३१३: मत देण्याआधी व्हिडिओ कॉलवर तोंड दाखवायचं, एका तोंडाला एकच मत. सहापैकी चार लागतात, तेव्हा आपले चौघेही आज रात्री जागे राहा.

दोन_सिमवाला: माझं दोन्हीकडून ‘नाही’. वीस गुण मांडून ठेव.