बी. फार्म.च्या विद्यार्थ्याने बायोडेटा कसा लिहावा? मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार. मी नागपूरला बी. फार्म.च्या आठव्या सेमिस्टरला असून बुटीबोरी व मिहान परिसरातील कंपन्यांत गुणवत्ता नियंत्रण विभागातील नोकरीसाठी अर्ज करणार आहे. सहाव्या सेमिस्टरनंतरचे १५० तासांचे सक्तीचे प्रशिक्षण मी एका औषधनिर्मिती कारखान्यात पूर्ण केले. तिथे ३७ अंश तापमानाला गोळ्यांची डिसोल्युशन टेस्ट (गोळीतील औषध द्रवात किती विरघळते याची चाचणी) लावणे, ठरावीक वेळाने नमुने काढणे आणि नोंदवहीत खाडाखोड न करता, चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारून तारखेसह सही करणे, हे सारे प्रत्यक्ष शिकलो. बायोडेटात मात्र याची ‘औद्योगिक प्रशिक्षण पूर्ण’ एवढी एकच ओळ झाली आहे. एका मुलाखतीत समोरच्या साहेबांनी ते पान उलटून “यात तुम्ही काय केलंत ते कुठे आहे?” असे विचारले, आणि त्यांचे खरेच होते.

एचपीएलसी (औषधातील घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) मी फक्त पाहिले आहे, हाताळलेले नाही. ते कौशल्यांत लिहिणे मला अप्रामाणिक वाटते, पण मित्र लिहितात. अशा वेळी काय लिहावे? फार्मसी कौन्सिलची नोंदणी अद्याप व्हायची आहे, तिचा उल्लेख कसा करावा? या क्षेत्रातील ज्येष्ठांनी कृपया मार्गदर्शन करावे.