‘स्ट्रेंज फ्रूट’ नक्की कुणाचं?

रेकॉर्डवेडा
काल एक पोस्ट फिरत आली: ‘बिली हॉलिडेनं स्वतः भोगलेल्या वेदनेतून स्ट्रेंज फ्रूट लिहिलं.’ अहो, बिली ही काळी अमेरिकन जॅझ गायिका, तिनं हे गाणं गायलं. लिहिलं एबल मीरोपोल यांनी, न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या शाळेतल्या ज्यू मास्तरांनी. १९३० साली इंडियानातल्या मॅरियन गावात जमावानं दोन काळ्या तरुणांना मारून झाडाला लटकवलं. त्याचा फोटो मास्तरांच्या डोक्यातून जाईना, त्यातून ही कविता. १९३७ मध्ये शिक्षकांच्या मासिकात छापून आली. चालही त्यांचीच. आत्मचरित्रात बिलीबाईंनी चालीचं श्रेय स्वतःकडे ओढलं, तिथून हा घोळ. मास्तरांना मात्र कम्युनिस्ट शिक्षक शोधणाऱ्या चौकशी समितीनं विचारलं, गाण्याचे पैसे कम्युनिस्ट पक्षानं दिले का? लिहिणाऱ्याला चौकशी, गाणारीला टाळ्या!

निशिगंध
टाळ्या म्हणे! १९३८ साली न्यूयॉर्कच्या लिंकन हॉटेलात गायला गेलेल्या बिलीला मालाच्या लिफ्टनं वर जायला लावलं होतं. मास्तरांवर ती वेळ आली होती का? तिच्या कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीनं हे गाणं रेकॉर्ड करायला नकार दिला. ती स्वतः मिल्ट गेबलरच्या कमोडोर या छोट्या कंपनीकडे गेली आणि २० एप्रिल १९३९ ला रेकॉर्डिंग झालं. गाणं फार लहान, म्हणून गेबलरनं सनी व्हाइटला सुरुवातीला पियानो वाजवायला सांगितलं. मिनिटभर तिचा आवाजच येत नाही. न्यूयॉर्कच्या कॅफे सोसायटी या नाइटक्लबात ती गायची, तिथे हे गाणं शेवटी असायचं. वेटर थांबायचे, दिवे बंद, फक्त तिच्या तोंडावर झोत. गाणं संपलं की ती निघून जायची, वन्स मोअर नाही. हे धाडस कागदावर होत नाही.

जुनाबाजार
रेकॉर्डच्या मागच्या बाजूला बिलीचंच ‘फाइन अँड मेलो’ हे दुसरं गाणं होतं, तेही ज्यूकबॉक्सवर जोरात चाललं. खपाचं सगळं श्रेय निषेधाला देऊ नका.

ढोलकी
बिलीचं राहू द्या, आपल्याकडे बघा. माझे वडील भीमगीतं गाणाऱ्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. लोककवी वामनदादा कर्डकांच्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतं. आमचे बुवा नेमकं तेवढं कडवं गाळायचे, नाहीतर तिथे स्वतःचं नाव घुसवायचे. एकदा वडिलांनी भर कार्यक्रमात हात थांबवला. पुढच्या आंबेडकर जयंतीला त्यांना बोलावणं आलं नाही.

निशिगंध
वाईट झालं. पण गायन पार्ट्या नसत्या तर ती गाणी वह्यांतच राहिली असती.

ढोलकी
वह्यांत? दादा स्वतः गावोगाव फिरून गायचे! माहीत नसेल तर बोलू नये. आमच्या माणसांची गाणी सगळ्यांना हवीत, नाव कुणालाच नको.

रेकॉर्डवेडा
हेच तर मी सांगतोय.

ढोलकी
नाही, तुम्ही वेगळं सांगताय. मास्तरांचं नाव काढायला तुम्ही बिलीला खाली ओढताय. झाडाला लटकलेली माणसं तिच्या समाजाची होती. जोखीम तिची होती.

निशिगंध
अगदी! बरं, चाल मास्तरांची, मान्य. आत्मचरित्रातला तो दावा मीही उचलून धरणार नाही. पण आज ते गाणं लोक ऐकतात ते तिच्यामुळे.

रेकॉर्डवेडा
ऐका की. फक्त पोस्ट टाकताना खाली ‘कवी: एबल मीरोपोल’ एवढं लिहा.

ढोलकी
आणि येत्या १४ एप्रिलला शेवटचं कडवं गाळू नका.