पीट पोसलथ्वेटला हॉलिवुडने वाया घालवलं का?

निशाचर

परवा रात्री 'इन द नेम ऑफ द फादर' (१९९३) पुन्हा पाहिला आणि नंतर बराच वेळ झोप आली नाही. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: गिल्डफर्डच्या पबमधल्या बॉम्बस्फोटाचा खोटा आळ पोरावर येतो. त्याला वकील मिळवून द्यायला बाप बेलफास्टहून लंडनला येतो आणि तोही आत जातो. पोरगा डॅनियल डे-लुइस, बाप इंग्रज नट पीट पोसलथ्वेट. पोरगा तडफडतो, ओरडतो, भांडतो. बाप खोकतो, प्रार्थना करतो, पत्रं लिहीत राहतो. तो गेल्याचं कळतं तेव्हा कैदी खिडक्यांतून पेटते कागद खाली सोडतात. ते दृश्य त्या माणसाने आधीच्या दीड तासात कमावलेलं असतं.

या भूमिकेसाठी त्याला सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं (बक्षीस गेलं 'द फ्युजिटिव्ह'च्या टॉमी ली जोन्सला). हॉलिवुडने त्याला बोलावलं, आणि माझ्या मते तिथेच घात झाला. 'द लॉस्ट वर्ल्ड'मध्ये शिकारी, 'क्लॅश ऑफ द टायटन्स'मध्ये कोळी, 'इन्सेप्शन'मध्ये मरणपंथाला लागलेला म्हातारा. स्पिलबर्ग त्याला जगातला सर्वोत्तम अभिनेता म्हणाला होता. मग सर्वोत्तम नटाला डायनासोरमागे का धाडलं? तो चेहरा पाहिजे होता, माणूस नको होता, असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला?

दुसरी घंटा

पूर्ण असहमत, आणि जरा सविस्तर लिहितो.

मी राज्य नाट्य स्पर्धेत बरीच वर्षं छोटी कामं केली आहेत. दोन प्रवेशांच्या भूमिकेत काय लागतं ते ठाऊक आहे. नायकाला अडीच तास मिळतात, एक प्रवेश पडला तर पुढचा उचलता येतो. चरित्र अभिनेत्याला ती सोय नसते. आत आल्या आल्या मागचं अख्खं आयुष्य अंगावर दिसावं लागतं.

'इन्सेप्शन'चंच घ्या. एवढा गुंतागुंतीचा सिनेमा शेवटी येऊन कुठे थांबतो? तिजोरीसारख्या खोलीत एक म्हातारा खाटेवर आहे. मुलगा वाकतो. म्हाताऱ्याला शब्द जमत नाहीत, एकच शब्द कसाबसा निघतो. मुलगा म्हणतो, ठाऊक आहे, मी तुमच्यासारखा झालो नाही म्हणून तुम्ही निराश झालात. बाप मान हलवतो: तू माझ्यासारखा व्हायला गेलास, म्हणून निराश झालो. मग बाजूची तिजोरी दाखवतो, आत लहानपणचं कागदी भिरभिरं. त्या म्हाताऱ्यावर विश्वास बसला नाही तर आधीची सगळी स्वप्नं, पाठलाग, पडणाऱ्या इमारती फुकट. दिग्दर्शकाने तो भार कुणाच्या खांद्यावर ठेवला ते बघा. याला वाया घालवणं म्हणत नाहीत.

हा सिनेमा २०१० चा. २ जानेवारी २०११ ला पोसलथ्वेट कर्करोगाने गेला, वयाच्या ६४व्या वर्षी. आता ते दृश्य मला सरळ बघवत नाही.

अमरावतीकर

तुम्ही दोघेही सिनेमातच अडकलात. त्याचं टीव्हीवरचं काम काढल्याशिवाय हा वाद पुरा कसा होणार?

'शार्प' मालिकेत (१९९४) त्याने केलेला सार्जंट हेक्सविल पाहा. नेपोलियनच्या काळातल्या युद्धात स्पेनमधली इंग्रज फौज, आणि तिच्यातला हा सडका माणूस. मान झटके देते. डोक्यावरची उंच टोपी काढून तिच्या आत बघत हा आईशी बोलतो! अगदी लाडाने बोलतो, आणि म्हणूनच अंगावर काटा येतो.

मला त्याचं जास्त अप्रूप असण्याला कारण आहे. ज्या कादंबऱ्यांवर ती मालिका आहे, त्यांच्या लेखकाने नंतर हेक्सविलच्या त्याआधीच्या, हिंदुस्थानातल्या काळावरही कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत हेक्सविल १८०३ साली असईच्या लढाईत आहे आणि नंतर आमच्या मेळघाटातल्या गाविलगडावरही. पडद्यावर हेक्सविल हिंदुस्थानात कधी आला नाही, पण गडावर गेलो की पडक्या तटापाशी मला पोसलथ्वेटचाच चेहरा दिसतो. पुस्तकातल्या माणसाला एखाद्या नटाने इतकं आपलं करून टाकावं, यापरतं यश कुठलं?

मँचेस्टरहून

माझ्या कामाच्या ठिकाणापासून वॉरिंग्टन तासाभरावरही नाही. पोसलथ्वेट तिथला, १९४६ चा जन्म. पाद्री व्हायचं मनात होतं, मग शाळेत नाटक शिकवलं, नट उशिरा झाला. आडनाव बदल असा सल्ला मिळाला होता, त्याने ऐकलं नाही. जोडीला ते गालफड. नायकाच्या साच्यात बसणारा माणूसच नव्हे हा.

तरी 'ब्रास्ड ऑफ'मध्ये (१९९६) सिनेमा त्यानेच पेलला आहे. यॉर्कशरमधली खाण बंद पडणार, आणि हा डॅनी खाण कामगारांचा बँड घेऊन बँडस्पर्धेसाठी लंडनचा अल्बर्ट हॉल गाठायला निघालेला. फुप्फुसात कोळशाची धूळ. इस्पितळात पडलेला असताना बँडवाले रात्री बाहेर उभे राहून, हेल्मेटचे दिवे लावून त्याच्यासाठी वाजवतात. शेवटी स्पर्धा जिंकल्यावर हा करंडक नाकारतो आणि सांगतो, मला वाटायचं संगीत सगळ्यात मोठं, पण माणसांपुढे ते काहीच नाही. माझ्या एका सहकाऱ्याचे वडील खाणीत होते. त्याच्याबरोबर हा सिनेमा पाहिला. ते भाषण सुरू झालं तसा तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि संपेपर्यंत बाहेर आला नाही.

आणखी एक. याच माणसाने पुढे 'द एज ऑफ स्टुपिड' (२००९) हा हवामानबदलावरचा सिनेमा केला. मुंबईतली एक स्वस्त विमानकंपनी उभी राहतानाचं चित्रणही त्यात आहे. किंग्जनॉर्थला कोळशावरचा नवा वीजप्रकल्प मंजूर केलात तर माझा ओबीई किताब परत करीन, असं त्याने सरकारला जाहीरपणे सांगितलं. मला यात विसंगती दिसत नाही. खाणवाल्यांची बाजू घेणं आणि कोळशाला विरोध करणं, दोन्हींमागे माणसांचीच काळजी होती.

निशाचर

'ब्रास्ड ऑफ' निर्विवाद. पण तो माझ्याच बाजूचा पुरावा आहे ना? इंग्लंडमधली गोष्ट, आणि भूमिका पाहा केवढी!

भूमिका किती मिनिटांची हा माझा मुद्दाच नाही, त्याच्याकडून काय मागितलं हा आहे. टेरेन्स डेव्हिसच्या 'डिस्टन्ट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ह्ज'मध्ये (१९८८) तो लिव्हरपूलचा मारकुटा बाप आहे. नाताळच्या आदल्या रात्री झोपलेल्या मुलांपाशी हळूच येऊन भेटी ठेवून जातो. दुसऱ्या दिवशी सगळे टेबलाशी बसलेले असताना एका झटक्यात टेबलक्लॉथ ओढून जेवण भुईवर पाडतो आणि साफ करायला बायकोला हाक मारतो. एकाच माणसात दोन्ही, मध्ये कसला खुलासा नाही. 'क्लॅश ऑफ द टायटन्स'ने यातलं काय मागितलं?

एक दुरुस्ती

वादात पडत नाही, पण 'इन द नेम ऑफ द फादर'मध्ये बापलेक एकाच कोठडीत दाखवलेत, प्रत्यक्षात तसं नव्हतं. खरे वडील, जुझेप्पे कॉनलन, १९८० मध्ये कैदेत असतानाच वारले, त्यांच्यावरची शिक्षा १९९१ मध्ये रद्द झाली. ज्या दृश्यांनी आपण हलतो, त्यांतली बरीच रचलेली आहेत, हे पाहणाऱ्याला माहीत असावं.

निशाचर

माहीत असायलाच हवं. धाग्यात मीच लिहायला हवं होतं, आभार.

दुसरी घंटा

निशाचर, 'क्लॅश'ची बाजू मी घेणार नाही. पण दोन्ही मागितलेलं पाहायचं तर 'द टाउन' (२०१०) बघा, तेही हॉलिवुडच. तो बॉस्टनचा फुलवाला आहे, गुंडांचा म्होरक्या. दुकानात गुलाबाचे देठ छाटता छाटता समोरच्या तरुणाला सांगतो की तुझ्या आईची वाताहत मीच केली. मरणोत्तर बाफ्टा (ब्रिटनचा चित्रपट पुरस्कार) नामांकन त्याच कामाला.

आणि हॉलिवुडने गिळला म्हणता, तर २००८ साल तपासा. बीबीसीच्या 'क्रिमिनल जस्टिस'मध्ये तुरुंगातला कैदी (पंकज त्रिपाठीची हिंदी मालिका त्याच कथेवरून झाली). त्याच वर्षी लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरात किंग लिअर, म्हणजे सत्तरच्या दशकात जिथे ज्युली वॉल्टर्स आणि बिल नाय यांच्याबरोबर उमेदवारी केली तिथेच.

अमरावतीकर

'लॉस्ट फॉर वर्ड्स' (१९९९) कुणीच काढलं नाही! आईचं म्हातारपण सांभाळणारा मुलगा. आई झालेल्या थोरा हर्डला तो नुसता ऐकत राहतो, तिच्या वाक्यांना जागा देत राहतो. टोपीतल्या आईशी बोलणारा हेक्सविल आणि हा, दोन्ही एकाच नटाचे. माझी आई शेवटची दोन वर्षं तेच तेच बोलायची. असं ऐकत राहणं मला जमलं नव्हतं.

निशाचर

अमरावतीकर, हे वाचून थोडा वेळ काही लिहवेना.

'द टाउन'मधलं ते दृश्य काल रात्री पुन्हा लावलं. आवाज चढत नाही, हातातली कात्री थांबत नाही. मान्य, इथे त्याला वाया घालवलेलं नाही. 'क्लॅश'बद्दलचं मात्र मागे घेत नाही. 'लॉस्ट फॉर वर्ड्स' मी पाहिलेलं नाही, या रविवारी आईबरोबर बघतो.